तीन हिरवे दिवे

आर्णीत पेशंट गंभीर झाला की घरच्यांच्या कानावर एकच शब्द पडतो : रेफर. पुढचा रस्ता ठरलेला असतो. 361 क्रमांकाच्या महामार्गाने आधी यवतमाळ, तिथलं वसंतराव नाईक शासकीय मेडिकल कॉलेज. तिथे नाही जमलं तर कळंब, देवळी करत वर्ध्याजवळचं सावंगीचं इस्पितळ. तिथूनही पुढे पाठवलं तर नागपूर. आणि नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईचं नाव काढलं, तर ज्याची ऐपत आहे किंवा ज्याच्यासाठी सगळं गणगोत पैसे उभे करतं, त्याच्यासाठी एअर अॅम्ब्युलन्स.

यवतमाळला स्वतःचा विमानतळ नाही असं नाही. एमआयडीसीने 1998 साली धावपट्टी बांधली, तिला जवाहरलाल दर्डांचं नाव मिळालं, 2009 मध्ये ती नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबादच्या धावपट्ट्यांसोबत एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. नियमित प्रवासी सेवा मात्र तिथे काही रुळली नाही. निवडणुकीच्या दिवसांत नेत्यांची विमानं उतरतात, एरवी शांतता. त्यामुळे आर्णीकरांच्या लेखी विमान म्हणजे नागपूरचं सोनेगावच. या लेखातली गोष्टही सोनेगावच्याच धावपट्टीवर सुरू होते.

2021 चा उन्हाळा. कोरोनाची दुसरी लाट. ऑक्सिजनचे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून आणावे लागत होते. विशाखापट्टणमहून निघालेली महाराष्ट्राची पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस 23 एप्रिलला नागपुरात पोचली होती. प्रवासी विमानं अर्धी रिकामी उडत होती आणि लहान अॅम्ब्युलन्स विमानांना मात्र उसंत नव्हती. 6 मे रोजी असंच एक विमान बागडोगऱ्याहून पेशंट घेऊन निघालं. जायचं होतं मुंबईला. उत्तर बंगालपासून मुंबईपर्यंतची मजल लहान विमानाला एका दमात झेपत नाही, म्हणून मध्ये नागपूर. विमान होतं बीचक्राफ्ट किंग एअर सी-90, नोंदणी व्हीटी-जेआयएल. चालवणारी कंपनी जेट सर्व्ह एव्हिएशन, कॅप्टन केसरी सिंग. वैमानिक, डॉक्टर, पेशंट असे सगळे धरून आत पाच जण.

किंग एअर हे या धंद्यातलं जुनंजाणतं विमान. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी वॉल्टर बीच आणि ऑलिव्ह अॅन बीच या नवरा-बायकोने 1932 साली काढलेल्या कंपनीचं हे अपत्य. पहिलं किंग एअर जानेवारी 1964 मध्ये उडालं आणि तेव्हापासून जगभर उद्योगपती, मंत्री आणि पेशंट यांची ने-आण करत आलंय. पंखावर दोन टर्बोप्रॉप इंजिनं, पोटात मोजक्या खुर्च्या. खुर्च्या काढून तिथे स्ट्रेचर बसवलं की झाली अॅम्ब्युलन्स. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे तो या विमानाच्या पायांचा हिशेब. सी-90ला तीन पाय : नाकाखाली एक, दोन्ही पंखांखाली एकेक. आणि प्रत्येक पायाला एकच चाक. याच घराण्यातल्या मोठ्या भावंडाला, किंग एअर 200ला, पंखाखालच्या प्रत्येक पायाला दोन-दोन चाकं असतात. सी-90ला ती चैन नाही.

नागपूरहून उड्डाण करताना या तीन चाकांपैकी एक निखळलं आणि धावपट्टीवर पडलं. विमान तोवर हवेत होतं.

ते चाक पडताना पाहिलं विमानतळाच्या सुरक्षेवर असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानाने. त्याचं काम काही उडणाऱ्या विमानांची चाकं मोजण्याचं नव्हतं. कुंपण, फाटक, माणसं, सामान यांच्यावर नजर ठेवणं हे त्याचं काम. पण दिसलं आणि त्याने ते नियंत्रण कक्षाला कळवलं. वाचायला ही साधी गोष्ट वाटते. मात्र त्याने ते पाहिलं नसतं, किंवा पाहून 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं, तर काय झालं असतं हे समजून घ्यायला कॉकपिटमध्ये डोकवावं लागतं.

वैमानिकाला आपल्या विमानाची चाकं दिसत नाहीत. ती पोटाखाली, पंखाखाली. एकदा विमान उचललं की तो गिअरचा दांडा वर करतो, पाय दुमडून आत जातात, झाकणं लागतात. उतरताना दांडा खाली करतो, झाकणं उघडतात, पाय बाहेर येतात आणि सरळ होऊन कुलूपबंद होतात. या कुलपापाशी छोटे स्विच असतात. पाय पूर्ण खाली येऊन कुलूप लागलं की स्विच दाबला जातो आणि वैमानिकासमोर एक हिरवा दिवा लागतो. तीन पायांचे तीन दिवे. 'थ्री ग्रीन' दिसले की वैमानिकाचा जीव भांड्यात पडतो.

आता या दिव्याला काय कळतं ते बघा. पाय खाली आहे आणि कुलूप लागलंय, एवढंच. पायाच्या टोकाला चाक आहे की नाही, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणजे त्या संध्याकाळी नागपूरहून कुणी काही कळवलंच नसतं, तर मुंबईजवळ आल्यावर दांडा खाली गेला असता आणि तीनही दिवे निमूटपणे हिरवे झाले असते. मग अंधारात, ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने, एक पाय नुसताच धावपट्टीवर घासला असता. बाकी दोन पायांवर विमान गरकन फिरलं असतं, कदाचित पंख टेकला असता. इंधन पंखांतच असतं.

चाकं आत ओढून घेण्याचा हा उद्योग माणसाने मुळात का सुरू केला? राइट बंधूंच्या 1903च्या विमानाला चाकं नव्हतीच. ते रुळावरून घसरत उडालं आणि लाकडी धावांवर वाळूत उतरलं. नंतर चाकं आली आणि बराच काळ ती खालीच लटकत राहिली. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, ते पस मॉथ विमानही असंच, दोन्ही चाकं कायम बाहेर. अहमदाबादला त्या विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं. वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, तिथे लटकणाऱ्या चाकांचं फारसं काही वाटत नसे. वेग वाढला तशी हवा चाकांना अडू लागली, आणि प्रवासी विमानांच्या धंद्यात प्रत्येक गॅलन पेट्रोलला किंमत होती. 1930च्या दशकात बोइंग 247, मग डग्लसची डीसी-2, डीसी-3 अशी चाकं मिटणारी विमानं आली आणि उघड्या पायांची विमानं शिकाऊ वैमानिकांसाठी आणि हौशी लोकांसाठी उरली.

डीसी-3, म्हणजे आपल्याकडचं डकोटा, या बाबतीत मोठं समजूतदार विमान होतं. त्याची चाकं आत जायची, पण पूर्ण नाही. इंजिनाखालच्या खोबणीतून ती अर्धी बाहेर डोकावत राहायची. त्यामुळे गिअर अडकला आणि विमान तसंच उतरवावं लागलं, तरी ते या अर्ध्या चाकांवर घरंगळत थांबायचं. खाली वाकायची ती मुख्यतः पंख्याची पाती. पाती बदलली की डकोटा पुन्हा उडायला तयार. नागपूरकरांना डकोटा अनोळखी नव्हतं. जानेवारी 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी रात्रीच्या टपालाची विमानं निघायची आणि मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला असा फायदा क्वचितच झाला असेल. एरवी त्याचं भांडवल फक्त झिरो माइलच्या दगडापुरतंच.

डकोटानंतरच्या विमानांनी मात्र चाकं पूर्ण गिळायला सुरुवात केली. आणि मग चाकं आहेत की नाहीत, खाली आली की नाही, हे सगळं त्या तीन दिव्यांवर आलं.

या दिव्यांवर किती भिस्त ठेवावी, याचा सगळ्यात महागडा धडा अमेरिकेत मिळाला. 29 डिसेंबर 1972च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार विमान मायामीला उतरत होतं. नाकाखालच्या पायाचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी उतरणं रद्द केलं, दोन हजार फुटांवर विमान स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली केलं आणि सगळे मिळून त्या दिव्याच्या मागे लागले. दिवा काढून पाहिला, तो परत बसेना. एकाला खालच्या कप्प्यात पाठवलं, तिथल्या दुर्बिणीतून पाय दिसतो का बघायला. या गडबडीत सुकाणूच्या दांड्याला धक्का लागून स्वयंचलित यंत्रणेची उंची राखण्याची पकड सुटली. विमान अगदी हळूहळू खाली येऊ लागलं. बाहेर एव्हरग्लेड्सची दलदल, काळोख, एकही दिवा नाही. ते खाली येतंय हे वेळेत कुणाच्याच लक्षात आलं नाही. 176 जणांपैकी 101 जण गेले. पाय पूर्ण खाली होता, कुलूपही लागलेलं होतं. दिव्याचे बल्ब जळाले होते.

मायामीत पाय ठीक होता आणि दिवा बिघडला होता. नागपूरच्या विमानात दिवे ठीक होते आणि चाक गेलं होतं. दिव्याचा खोटेपणा दोन्ही टोकांनी होऊ शकतो, आणि दुसऱ्या प्रकारचा जास्त घातक, कारण त्यात कुणाला शंकाच येत नाही. मायामीच्या वैमानिकांना निदान काहीतरी बिनसलंय हे ठाऊक होतं.

आता नागपूरहून निघालेल्या विमानाकडे. कॅप्टनला कळलं की एक चाक गेलंय. मनात येणारा पहिला विचार असा, की उरलेली दोन चाकं तरी आहेत ना, त्यांवर उतरावं. सर्वसामान्य माणूस असाच विचार करेल. पण विमानाच्या बाबतीत तीनपैकी दोन ही तीनपैकी शून्यापेक्षा वाईट परिस्थिती ठरू शकते. दोन पाय लांब आणि एक आखूड, अशा अवस्थेत विमान टेकलं की आखूड बाजूला ओढलं जातं. धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत, नाल्यात, दिव्यांच्या खांबांवर जातं. उलट सगळे पाय पोटात ठेवून पोटावर उतरलं, तर विमान सपाट टेकतं आणि सरळ रेषेत घसरतं. पोट खरवडतं, पंख्यांची पाती वाकतात, इंजिनांना धक्का बसतो. विमानाचं नुकसान जास्त, माणसांना धोका कमी. केसरी सिंग यांनी हा दुसरा मार्ग घेतला. पुढे अधिकृत निवेदनांतही हेच सांगितलं गेलं, की कॅप्टनने लँडिंग गिअर न वापरता विमान उतरवलं.

दुसरा प्रश्न कुठे उतरायचं हा. नागपूर पाठीशीच होतं, तिथली धावपट्टी 3200 मीटर, काही तोकडी नाही. तरी विमान मुंबईला गेलं. यातला हिशेब मांडता येतो. भरल्या टाकीने पोटावर उतरणं म्हणजे आगीशी खेळ. मोठ्या विमानांपैकी काहींना इंधन हवेत सोडून देता येतं, किंग एअरसारख्या लहान विमानाला ती सोय नसते. त्याला इंधन जाळूनच संपवावं लागतं. मग नागपूरवर घिरट्या घालत जाळा, नाहीतर पेशंटला जिथे न्यायचंय त्या दिशेने उडत जाळा. नागपूर-मुंबई सरळ रेषेत साधारण 680 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर ती रेघ अमरावती आणि यवतमाळच्या मधून, आर्णीच्या बरीच उत्तरेकडून निघते आणि छत्रपती संभाजीनगरवरून मुंबईत उतरते. शिवाय मुंबईच्या अग्निशमन दलाची ताकद मोठी, इस्पितळं हाकेच्या अंतरावर, आणि तयारीला हातात वेळ.

हा वेळ फार मोलाचा. अपघात अचानक येतो तेव्हा माणसं धावतात. इथे अपघात वेळ सांगून येणार होता.

त्या वेळात आत बसलेल्यांचं काय झालं असेल? पेशंट स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला. शेजारी मॉनिटर, ऑक्सिजनचा सिलिंडर, सलाईन. पोटावर उतरायच्या आधी आतली प्रत्येक सुटी वस्तू आवळून बांधावी लागते, कारण विमान झटक्याने थांबलं की सिलिंडरचा गोळा होतो. दार कोण उघडणार, पेशंटला कोण उचलणार, कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, हे आधी ठरवावं लागतं. धडधाकट प्रवासी विमानातून दीड मिनिटात बाहेर पडतात असं नियम गृहीत धरतो. स्ट्रेचरवरच्या माणसाला तो नियम लागू होत नाही. त्या डॉक्टरांबद्दल नंतर कुणी फारसं बोललं नाही, ही मला खटकलेली गोष्ट. कॅप्टनच्या हातात निदान विमान होतं.

मुंबईत पूर्ण आणीबाणी जाहीर झाली. उतरायचं होतं 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर. हा क्रमांक म्हणजे दिशा, 270 अंश, पश्चिम. विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून येतं आणि समुद्राकडे तोंड करून टेकतं. मुंबईचा हा मुख्य धावमार्ग. एरवी इथे विमानांची रीघ लागते. लाटेमुळे वाहतूक रोडावली होती, तेवढंच एक बरं.

धावपट्टीच्या एका भागावर फेस पसरण्यात आला. हा फेस जुन्या काळापासून पोटावरच्या लँडिंगचा सोबती आहे. पांढऱ्या गालिच्यावर घसरत येणारं विमान हे चित्र चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवलंय. तज्ज्ञांमध्ये मात्र त्याबद्दल एकमत नाही. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने 1980च्या दशकातच फेस पसरण्याची शिफारस मागे घेतली. फेस थोड्या वेळात विरतो. नेमका त्याच पट्ट्यात टेकण्याच्या नादात वैमानिक आखूड किंवा लांब उतरू शकतो. आणि मुख्य म्हणजे बंबातला फेस जमिनीवर ओतून टाकला, तर खरी आग लागल्यावर काय ओतणार? दुसरीकडे, भरपूर साठा असलेल्या मोठ्या विमानतळाने, लहान विमानासाठी, हातात पुरेसा वेळ असताना थोडा पट्टा भिजवला तर बिघडलं काय, असाही युक्तिवाद आहे. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी फेस घातला. मला विचाराल तर त्यांच्या जागी मीही घातला असता. पेशंट आत असताना पुस्तकातला वाद घालत बसायची हिंमत कुणाला होणार?

रात्री 9 वाजून 9 मिनिटांनी विमान टेकलं.

पोटावर उतरताना वैमानिकाला सगळ्या सवयी विसराव्या लागतात. चाकं खाली असताना विमानाची उंची डोळ्यांत बसलेली असते. आता जमीन त्याहून खाली लागणार असते, म्हणजे 'आत्ता टेकेल' वाटल्यावरही विमान तरंगत राहतं. चाकांचा अडथळा नसल्याने वेगही लवकर उतरत नाही. अंधारात ही अटकळ आणखी अवघड. गिअर खाली नाही म्हणून कॉकपिटमध्ये इशाऱ्याचा भोंगा कोकलत असतो, त्याच्याकडे काणाडोळा करायचा. अगदी शेवटच्या क्षणी इंधन बंद, वीज बंद. मग नाक किंचित वर धरून, पंख सपाट ठेवून विमान जमिनीला अलगद द्यायचं. त्यानंतर ब्रेक नाही, सुकाणूला चाक नाही. शेपटीची सुकाणूपट्टी वेग असेपर्यंत चालते, पुढे विमान जाईल तिकडे. किंग एअर सरळ गेलं आणि थांबलं. आग लागली नाही. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

त्याच रात्री तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी कॅप्टन केसरी सिंग यांच्या प्रसंगावधानाचं नाव घेऊन कौतुक केलं, ते रास्तच होतं. नागपूरच्या जवानाचं नाव जरा उशिराने पुढे आलं आणि मुंबईतल्या फेसाच्या फोटोंइतकं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या मते या गोष्टीत पहिला मान त्याचा. कॅप्टनचं कौशल्य कामी आलं ते त्याला वेळेत कळलं म्हणून. शिवाय त्या जवानाने दोन विमानं वाचवली असण्याची शक्यता आहे. धावपट्टीवर पडलेलं चाक मागून येणाऱ्या विमानासाठी काय असू शकतं, हे पॅरिसने 25 जुलै 2000 रोजी पाहिलं होतं. तिथे आधी उडालेल्या विमानातून धातूची एक पट्टी गळून पडली होती. मागून धावणाऱ्या काँकॉर्डचं टायर तिने फाडलं, टायरचा तुकडा टाकीवर आदळला आणि विमानातले 109 व जमिनीवरचे 4 जण मेले. पट्टी जेमतेम दीड फुटाची होती. इथे अख्खं चाक होतं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) चौकशी लावली. विमानाचं चाक निखळतं ते बहुधा आसाजवळच्या गोष्टींमुळे : बेअरिंग झिजून तापतं आणि फुटतं, आसाच्या टोकाचा नट सैल राहतो किंवा त्याला अडवणारी पिन नीट बसलेली नसते. बंडीच्या आसाची खीळ पडली की चाक बाहेर येतं, ते आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. विमानातही तत्त्व तेच, फक्त खीळ पडल्यावर बंडी जागेवर बसते. विमानाच्या चाकावर उतरताना शून्यापासून एकदम पूर्ण वेगात फिरण्याची पाळी येते, प्रत्येक वेळी. म्हणून चाकं ठरावीक उतरण्यांनंतर काढून, बेअरिंग धुऊन, वंगण घालून, ठरलेल्या जोराने नट आवळून परत बसवतात आणि करणाऱ्याला कागदावर सही करावी लागते.

सही, कागद, स्विच, दिवा या साखळीत एक कडी कशी निसटते, याचं आणखी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1 नोव्हेंबर 2011 रोजी पोलंडच्या लॉट कंपनीचं बोइंग 767 अमेरिकेहून वॉर्साला आलं. हायड्रॉलिक तेल वाटेतच गळून गेलं होतं. हरकत नाही, चाकं खाली सोडायची दुसरी, विजेवर चालणारी सोय होती. ती चालेना. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी 231 माणसांसह ते अजस्र विमान पोटावर उतरवलं, एकालाही गंभीर इजा झाली नाही. सारं पोलंड त्यांच्या नावाने नाचलं. नंतर विमान उचललं, कॉकपिटमधलं एक उडालेलं सर्किट ब्रेकर आत दाबलं, आणि चाकं मुकाट्याने खाली आली. ते बटण वैमानिकांच्या नजरेच्या टप्प्यात नव्हतं, पार खाली बाजूला होतं. मायामीत सगळे एका दिव्याकडे बघत राहिले, वॉर्सात एका बटणाकडे कुणी बघितलं नाही. दोन्ही कॉकपिटांत अनुभवी माणसं बसली होती.

मुंबईच्या त्याच 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर चार वर्षांनी जवळपास हाच प्रसंग पुन्हा आला. 12 सप्टेंबर 2025 रोजी स्पाइसजेटचं क्यू-400 विमान पाऊणशे प्रवासी घेऊन कच्छमधल्या कांडल्याहून मुंबईला निघालं. उडताना विमानातून काहीतरी मोठं काळं पडल्याचं टॉवरमधल्या नियंत्रकाने पाहिलं. जीप पाठवली, तर धावपट्टीवर धातूच्या कड्या आणि एक चाक सापडलं. मुंबईत पुन्हा आणीबाणी जाहीर झाली, बंब रांगेत उभे राहिले. पण क्यू-400च्या पंखाखालच्या प्रत्येक पायाला जोडीने दोन चाकं असतात. बाहेरचं गेलं, आतलं राहिलं. कॅप्टनने गिअर खाली सोडला, विमान एरवीसारखं उतरलं आणि आपल्याच चाकांवर टर्मिनलपर्यंत चालत गेलं. प्रवाशांनी डोक्यावरच्या कप्प्यांतल्या बॅगा काढल्या आणि नेहमीप्रमाणे दार उघडायच्या आधीच रांग लावली असेल.